चार नंबरच्या खाटेवरचा गहिनीनाथ

खर्ड्याच्या वेशीबाहेर, जामखेडच्या वाटेला, मिशनचं एक वीस खाटांचं इस्पितळ होतं. बारा खाटा पुरुषांच्या, आठ बायकांच्या. त्या आठ खाटांची देखभाल करायला दया इसहाक पाटोळे ही शिकाऊ नर्स आली आणि तिसऱ्याच आठवड्यात बायकांनी तिचं नाव ‘नाव-काय-बाई’ असं ठेवून टाकलं.

ठेवतील नाही तर काय करतील? औषधाचा घोट द्यायचा की दया विचारणार, नाव काय? ताप बघायचा, नाव काय? पट्टी सोडायची, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं? एका म्हातारीनं पाच दिवसांत पंधरा वेळा नाव सांगितलं आणि सोळाव्या वेळी हात जोडून म्हणाली, “पोरी, माझ्या कपाळावर गोंदून घे, पर आता इचारू नगं.”

यात दयाचा काही दोष नव्हता. नियम लिडियाबाईंचा होता. लिडियाबाई ओहोळ या इस्पितळाच्या मुख्य नर्स. पंचावन्न वर्षांच्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की गावच्या किल्ल्यातल्या गुराख्यालाही ऐकू जावा. शिकाऊ मुलगी आली की पहिल्या दिवशी त्या तिला दोनच गोष्टी सांगत. पहिली, हात धुवायचे. दुसरी, नाव विचारायचं.

“नाव आपण सांगायचं नाही, त्याच्या तोंडून काढायचं,” त्या म्हणत. “नाव, बापाचं नाव, गाव. तिन्ही खाटेला टांगलेल्या पुठ्ठ्याशी जुळली तरच माणसाला हात लावायचा. आपले लोक भिडस्त. पांढरं लुगडं दिसलं की कशालाही व्हय म्हणतात. मी नवी होते तेव्हा घाईघाईत एका मिशाळ गड्याला विचारलं, बाळंत होऊन किती दिवस झाले? तर तो म्हणाला, व्हय.”

बाकीच्या मुली यावर पोट धरून हसत. दया हसली नव्हती. तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं. तिचा स्वभावच तसा. सांगितलेलं सगळं ती मनाला लावून घ्यायची आणि वर त्याचा कीस पाडायची.

आता या दयाला मिरजेला जायचं होतं. तिथं चार वर्षांचं नर्सिंगचं पुरतं शिक्षण, सर्टिफिकेट, डोक्यावर टोपी. इस्पितळातून वर्षाला एकच मुलगी जायची. अर्जावर दोन सह्या लागत, एक लिडियाबाईंची आणि दुसरी डॉक्टर निसळांची. जूनच्या आत दोन्ही सह्या झाल्या नाहीत, तर दुसरा बेत तयारच होता. वडील इसहाकमास्तर पारनेरकडच्या एका मिशनशाळेत शिकवत. त्यांनी कोपरगावकडच्या साखर कारखान्यातला एक कारकून जावई म्हणून हेरून ठेवला होता. मुलगा गुणी होता. पण तो भेटायला आला तेव्हा दोन तास फक्त उसाविषयी बोलला होता, आणि चाळीस वर्षं ऊस ऐकायची दयाची तयारी नव्हती.

लिडियाबाईंनी अजून सही केली नव्हती, पण त्या करतील असं वाटत होतं. घोडं अडलं होतं ते डॉक्टर शामकांत निसळांपाशी. निसळ नगरचे सर्जन. महिन्यातल्या दोन गुरुवारी स्वतःच्या मोटारीनं येत, असतील तेवढी ऑपरेशनं उरकत आणि परत जात. चव्वेचाळीस साल, लढाईमुळे पेट्रोल मोजूनमापून मिळायचं, त्यामुळे डॉक्टरांचा जीव सतत घड्याळात आणि मोटारीच्या टाकीत. मागच्या खेपेला दयानं त्यांच्यादेखत एका बाईला नाव, बापाचं नाव आणि गाव विचारलं. बाईनं गाव सांगता सांगता माहेरचं सगळं गणगोत सांगितलं. डॉक्टर लिडियाबाईंकडे वळून म्हणाले, “ही मुलगी नर्स आहे की शिरगणतीला आली आहे?”

दयाच्या मनाला ते असं लागलं की त्या रात्री तिनं भाकरी अर्धी टाकली.

तर अशा एका गुरुवारी सकाळी पुरुषांच्या वॉर्डात मलमपट्टी करणारा ड्रेसर पीटर स्वतःच थंडीनं कुडकुडत पडला. वॉर्ड दयाच्या गळ्यात आला. तिनं त्या वॉर्डात कधी काम केलेलं नव्हतं. तिथला एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

“आज एकच ऑपरेशन,” हत्यारं उकळायला टाकता टाकता लिडियाबाई म्हणाल्या. “चार नंबर, गहिनीनाथ खाडे, अंतर्गळ, म्हणजे हर्निया. छगनकडून एनिमा आणि हजामत करून घे. पोटात पाण्याचा थेंब गेलेला नको. नाव विचार. नऊ वाजता बाहेरच्या व्हरांड्यात आण.”

दया वॉर्डात शिरते तोच दारात मोटारीचा भोंगा वाजला. सात वाजता! डॉक्टरांच्या पुतणीचा संध्याकाळी साखरपुडा होता, म्हणून ते पहाटेच निघाले होते. ते सरळ वॉर्डाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी खिशातून घड्याळ काढलं.

चार नंबरच्या खाटेवर एक भरघोस मिशांचा गडी चादर गळ्यापर्यंत ओढून पडला होता. दयाच्या तोंडात नेहमीचा प्रश्न आला. मागे घड्याळाचं झाकण टक् करून वाजलं. तिला शिरगणती आठवली आणि जिभेनं दगा दिला.

“गहिनीनाथ खाडे ना तुम्ही?”

“व्हय,” गडी म्हणाला.

पुठ्ठ्यावरही गहिनीनाथच होतं. पुढचं वाचायची दयाला गरज वाटली नाही. “छगन,” ती म्हणाली, “यांची तयारी कर. सगळं साफ करून घे.” डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते चहा प्यायला गेले. डॉक्टरांनी आपल्याकडे बघून मान डोलावली, या आनंदात दया पुढची पंधरा मिनिटं जमिनीवर नव्हती.

छगन हा इस्पितळाचा वॉर्डबॉय. जातिवंत कारागीर, आणि सगळं म्हटलं म्हणजे सगळं असं समजणारा. त्यानं पडदा लावला. पडद्यामागून बोलणं ऐकू येत होतं.

“हे कशापायी, गड्या?”

“नियम हाय.”

“समद्यांस्नी करत्यात?”

“ज्याचं नाव निघंल त्याला.”

“मग करा,” गडी म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज जरा दबलेला आला. “ह्ये... ह्ये बी नियमातच हाय का?”

“ह्येच तर मेन हाय,” छगन म्हणाला.

पडदा उघडला तेव्हा गडी आतून-बाहेरून स्वच्छ झाला होता. दाढी गेली होती, आणि दाढीबरोबर मिशीही. डोळे बारीक करून तो छताकडे बघत होता. त्याला स्ट्रेचरवर घातलं, वर पांढरी चादर पांघरली आणि छगन त्याला ढकलत ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेला. साडेसात वाजले होते. दयानं सुटकेचा श्वास सोडला आणि ती बाकीच्यांची पेज वाटायला निघाली.

नऊ नंबरवर मार्तंडमास्तर होते, पाय मोडलेले पेन्शनर. त्यांना दयानं रीतसर नाव विचारलं. मास्तरांनी आजोबांपासून सुरुवात केली. ते ऐकून घेऊन ती दहा नंबरपाशी आली. पुठ्ठ्यावरचं नाव पाणी सांडून फिसकटलं होतं, पण हिवताप वाचता येत होतं. ताप उतरला, आज घरी सोडणे. खाटेवर एक हडकुळा गडी बसला होता आणि खाली त्याची बायको भिंतीकडे तोंड करून, पदर नाकापर्यंत ओढून बसली होती.

दयानं गड्यापुढे पेजेची वाटी धरली. त्यानं ती नम्रपणे घेतली आणि तोंडाला लावायला उचलली. तेवढ्यात दयाला नियम आठवला. आता डॉक्टर बघत नव्हते, त्यामुळे नियम पाळायला हरकत नव्हती.

“नाव काय तुमचं?”

गड्यानं ओठ मिटले आणि बोट वर छताकडे केलं.

“नाव विचारतेय मी.”

त्यानं पुन्हा छत दाखवलं. भिंतीकडे तोंड करूनच बायको म्हणाली, “त्यांचं मौन हाय, बाई. मढीच्या कानिफनाथाला नवस बोलल्यात. आप्रेशन हुईस्तवर बोलायचं न्हाई.”

“कसलं ऑपरेशन?”

“आता बया! तुमालाच ठावं न्हाई? अंतर्गळाचं.”

दयानं वाटी हिसकावून घेतली. अर्धी पेज तिच्या लुगड्यावर सांडली. “उपाशी राहायला सांगितलं होतं ना यांना? मग घेतली कशाला?”

“काल थोरल्या नर्सबाई म्हनल्या खाऊ नगा. आज तुमी म्हनता खावा,” बायको म्हणाली. “आमी अडानी. मोठ्यांचं मोठ्यांना ठावं.”

 पोटात अन्न असताना क्लोरोफॉर्म दिला तर माणूस ओकतो, आणि ओकलेलं घशात अडकून तिथंच खलास होतो, हे तिच्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं. हा इथं अंतर्गळवाला, तर मग व्हरांड्यात कोण? पण हा नक्की तोच कशावरून? पुठ्ठ्यावर तर हिवताप आहे. नुसत्या संशयावर डॉक्टरांना थांबवलं आणि संशय खोटा निघाला तर सही गेलीच. तिला नाव हवं होतं.

“तुमचं नाव काय, बाई?”

“मुक्ता.”

“मुक्ताबाई, मालकांचं नाव सांगा. चटकन सांगा.”

मुक्ताबाईनं जीभ चावली. “मी कसं घ्यायचं त्यांचं नाव?”

“अहो, जिवाशी गाठ आहे!”

“म्हनूनच घेत न्हाई,” मुक्ताबाई म्हणाली. “नाव घेतल्यानं मानसाचं आयुष्य कमी हुतं. त्यात आज आप्रेशन.”

दयानं गड्याकडे बघितलं. गड्यानं अगदी सहानुभूतीनं छत दाखवलं. “मग लिहून द्या,” ती म्हणाली. त्यानं दोन्ही हात हलवून अक्षरशत्रू असल्याचं कळवलं. नऊ नंबरवरून मार्तंडमास्तर खाकरले.

“उखाण्यात घेतलेलं चालतं,” ते म्हणाले. “त्याला दोष नाही. मात्र यमक जुळलं पाहिजे.”

एवढं ऐकल्याबरोबर अख्खा वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी माना उचलल्या. “घ्या, वहिनी, घ्या!” कोणीतरी ओरडलं. मुक्ताबाईला घाम फुटला. दयाला तर रडूच फुटायचं बाकी होतं. व्हरांड्यात माणूस ताटकळत पडलेला आणि इथं लग्नघर झालेलं! तिनं वाकून मुक्ताबाईचे दोन्ही हात धरले. “घ्या हो. तुमच्या पाया पडते.”

मुक्ताबाईनं पदर सारखा केला आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं:

“पांढऱ्या खाटेवर पांढरी चादर,
गहिनीनाथरावांचं नाव घेते, नर्सबाईंचा राखून आदर.”

वॉर्डानं “वा!” केलं. मास्तर म्हणाले, “चादर-आदर. उत्तम.” दया मात्र जागच्या जागी थिजली.

“गहिनीनाथ? आडनाव?”

“खाडे.”

“मग बाहेर गेला तो कोण?”

“त्ये बी त्याच नावाचं,” मुक्ताबाई म्हणाली. “आमचं थोरलं दीर, चुलत. आमच्या भावकीत घराआड ह्येच नाव हाय.”

“मग ते तुमच्या खाटेवर कसे?”

आता मुक्ताबाई मोकळी झाली. चार नंबरच्या खाटेवर निजलं की पाय दक्षिणेला होतात. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या माणसानं रात्रभर यमाच्या दिशेला पाय करून पडायचं, हे तिच्या जिवाला लागलं होतं. थोरले दीर समजूतदार. ते म्हणाले होते, “मला उद्या घरी जायाचंय. माझं पाय कुठंबी असंनात.” मग दिवे मालवल्यावर दोघांनी गुपचूप खाटा बदलल्या. पुठ्ठे तिथंच राहिले. सकाळी छगन पडदा घेऊन आला, तेव्हा दिरासमोर तोंड कसं दाखवायचं म्हणून मुक्ताबाई भिंतीकडे वळली ती वळलीच.

“मास्तर, तुम्ही बघितलं नाहीत?” दया ओरडली.

“बघितलं तर,” मास्तर म्हणाले. “पण मला कोणी विचारलं का?”

दया धावली. इस्पितळात धावायचं नाही, हा लिडियाबाईंचा तिसरा नियम, तो तिनं तुडवला. व्हरांड्यात डॉक्टर हात धुऊन, कोपरं वर करून उभे होते. लिडियाबाई क्लोरोफॉर्मची बाटली हातात घेऊन स्ट्रेचरकडे जरा संशयानंच बघत होत्या. त्यांनी दाखल करून घेतलेल्या दोन्ही खाड्यांना मिशा होत्या. हा बोडका त्यांना ओळखू येत नव्हता.

“थांबा!” दया म्हणाली. तिला धाप लागली होती. “हा तो नाही. याला हिवताप आहे. आज घरी जायचाय.”

 मग स्ट्रेचरवरून आवाज आला.

“व्हय की. मला वाटलं, गाडीपातूर ढकलत सोडत्यात. मिशनची लई सेवा, म्हनलं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाही?” डॉक्टर गरजले.

“त्या बाईंनी नाव इचारलं, त्ये सांगितलं. दुसरं कुनी काय इचारलंच न्हाई.” त्यानं ओठावरून हात फिरवला. “मिशी काढली माझी. आमच्यात बाप मेल्यावर काढत्यात. बाप घरी भाकरी खात बसलाय, त्याला काय सांगू?” मग जरा विचार करून तो म्हणाला, “आता एवढं समदं झालंच हाय, डाक्टर बी नगराहून आल्यात, तर काय थोडंफार कापायचं आसंल तर घ्या उरकून.”

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी रागवायचं ठरवलं. दयामागोमाग मुक्ताबाई व्हरांड्यात आली होती. खाटा कोणी बदलल्या हे ऐकताच डॉक्टर तिच्यावर तुटून पडले. “दिशा बघता होय? इथं काय वास्तुशांत आहे? एखाद्याचा जीव गेला असता तुमच्या या खुळामुळे!”  मुक्ताबाई खाली बसली आणि डॉक्टरांच्या बुटांवर तिनं डोकं टेकलं.

आता इथं गप्प बसणं फार सोपं होतं. खाटा बदलल्या त्या पेशंटांनी, शिव्या खाल्ल्या त्या पेशंटांनी, प्रकरण मिटलं. दयाच्या मनात हे आलं नाही असं नाही. मिरज आली, टोपी आली, आणि खोटं कशाला सांगा, कारखान्यातला तो कारकूनही आला. पण बुटांवर टेकलेलं ते डोकं तिला बघवेना.

“त्यांची चूक नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “माझी आहे. नाव त्यांच्या तोंडून काढायचं असतं. मी आपणहून सांगितलं आणि ते व्हय म्हणाले. बापाचं नाव विचारलं नाही. पुठ्ठा पुरता वाचला नाही.” आणि मग सांगायची गरज नव्हती तेही तिनं सांगून टाकलं. “आणि खऱ्या पेशंटला मी पेज दिली होती. वाटी तोंडापर्यंत गेली होती. प्यायला नाही तो, पण ते त्याचं नशीब.”

 “हिला मिरजेला पाठवणार आहात तुम्ही?” डॉक्टरांनी लिडियाबाईंना विचारलं. “माझ्या सहीनं?”

“ते नंतर बघू,” लिडियाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उकळलेल्या हत्यारांसारखा झाला होता. “पीटर आजारी आहे. मला दुसरे हात नाहीत. दया, हात धू. छगन, दहा नंबरची तयारी कर. आणि मिशीला हात लावशील तर बघ.”

पाऊण तास गेला. डॉक्टरांनी तेवढ्यात सात वेळा घड्याळ बघितलं. खरा गहिनीनाथ टेबलावर आला, छातीवर हात जोडून, भेदरलेल्या डोळ्यांनी. समोर पुठ्ठा टांगला होता आणि दया हात धुऊन उभी होती. लिडियाबाईंनी जाळीचा मास्क उचलला आणि थांबल्या.

“विचार,” त्या म्हणाल्या.

“नाव काय?” दयानं विचारलं.

गहिनीनाथानं ओठ मिटले आणि छत दाखवलं.

“अहो, झालं ते झालं,” डॉक्टर म्हणाले. “आता याच्याबद्दल काही शंका उरली आहे का? अंतर्गळ मला इथून दिसतो आहे. संध्याकाळी मला नगरला पोचायचं आहे. सुरू करा.”

 लिडियाबाई दयाकडे बघत होत्या.  सही या माणसाच्या हातात, आणि हा माणूस बरोबर बोलतोय हे तिलाही दिसत होतं. पण तासाभरापूर्वीही सगळ्यांना सगळं दिसतच होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाव ऐकल्याशिवाय नाही, डॉक्टर. नाव, बापाचं नाव, गाव. मला घरी पाठवायचं तर पाठवा. पण संध्याकाळी. आत्ता नाही.”

लिडियाबाईंनी क्लोरोफॉर्मची बाटली टेबलावर ठेवली. बाटली खाली आली म्हटल्यावर डॉक्टरांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. दया दाराकडे वळली. दार अर्धं उघडं होतं. बाहेर उंबऱ्याशी मुक्ताबाई बसली होती आणि चार हातांवर, भिंतीला टेकून, तिचे मिशी गेलेले थोरले दीर.

“मुक्ताबाई,” दया म्हणाली, “तुमचे मालक कोण, कोणाचे, कुठले, ते तुमच्याशिवाय आत्ता सांगणारं कोणी नाही.”

“मघा घेतलं की नाव.”

“ते अर्धं झालं. सासऱ्यांचं पाहिजे.”

मुक्ताबाईनं थोरल्या दिराकडे तिरक्या नजरेनं बघितलं आणि पदर आणखी खाली ओढला. सासऱ्याचं नाव! लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्या नावाचं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नव्हतं. दीर मदतीला पुढे झाला, “म्या सांगतू की, बाई,” पण आज सकाळपासून त्याचं सांगणं ऐकूनच हा घोळ झालेला. दयानं मान हलवली. ती दारातून बाजूला सरकली. आता मुक्ताबाईला आतलं टेबल दिसत होतं. पांढऱ्या चादरीखाली तिचा नवरा किती लहान दिसत होता. त्याची छाती भीतीनं वरखाली होत होती आणि नवस मोडायचा नाही म्हणून त्यानं खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता.

मुक्ताबाई उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. उखाणा नाही, यमक नाही, भिंत नाही. किल्ल्यापर्यंत जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“गहिनीनाथ! बुधाजी खाड्याचा गहिनीनाथ! गाव दिघोळ! माजा नवरा हाय त्यो, नीट करा!”

 टेबलावरच्या माणसानं ओठ सोडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. बारा वर्षांत बायकोच्या तोंडून आपलं नाव असं सरळ त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. बाहेर थोरल्या दिरानं खाली मान घातली आणि तो म्हणाला, “बराबर हाय, पोरी.”

डॉक्टर खाकरले. “लिडियाबाई,” ते म्हणाले, “तो मिरजेचा कागद. निघायच्या आधी माझ्यापुढे ठेवा. मी विसरेन.” मग ते दयाकडे वळले. नगरचा सर्जन, मोटारवाला, साखरपुड्याला निघायची घाई असलेला, तो सहा महिन्यांच्या शिकाऊ पोरीला विचारत होता. “मग? सुरू करू का?”

दयानं पुठ्ठ्यावर नजर लावली. गहिनीनाथ. बुधाजी. खाडे. दिघोळ. एकेक अक्षर वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“करा,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले. समोरचं सगळं अंधुक झालं. तिनं हात उचलला.

“डोळ्यांना लावू नकोस,” मास्कवर पहिला थेंब सोडता सोडता, तिच्याकडे न बघता, लिडियाबाई म्हणाल्या. “हात धुतलेत तुझे. वाहू दे.”